भाचीच्या लग्नातल्या कांजिण्या

ताईचा फोन रोज सकाळी येतो. ती मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात दिलेली. भात लावते, उन्हाळ्यात भेंडी-काकडी काढते आणि सगळ्या सासरला धाकात ठेवते. मी फोन उचलला की "तू कसा हायेस?" असं ती विचारत नाही. ती विचारते, "माझी कशी हाये?"

'माझी' म्हणजे तिची डावी किडनी. ती सध्या माझ्या पोटात उजव्या बाजूला मुक्कामाला आहे.

"बरी आहे," मी सांगतो.

"पानी पाजलंस काय तिला?"

"पाजलं."

"नीट सांभाळ रे. माझ्या पोटात होती तवर एक दिवस तक्रार केली नाय तिनं."

माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा मी किन्हवलीच्या बाजूला एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवत होतो. अजूनही तेच करतो. वर्षभर डायलिसिस केलं. मग ताईनं सासरच्यांना विचारलं नाही, नुसतं सांगितलं, "भावाला किडनी द्यायला चालले. भात भिजत घातलाय, वेळेवर पेरा." मुंबईच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. ताई काही दिवसांत घरी गेली आणि महिन्या-दोन महिन्यांत शेतात उभी राहिली. मी मात्र गोळ्यांचा डबा घेऊन आलो, आणि डॉक्टरीणबाईंचं एक व्याख्यान.

"प्रत्येक शरीराला एक पहारेकरी असतो," बाई म्हणाल्या होत्या. "नवी किडनी त्याला चोर वाटते. तो तिच्यावर धावून जातो. म्हणून आपण गोळ्या देऊन त्याला पेंगत ठेवायचं. जन्मभर. पण पेंगणारा पहारेकरी खऱ्या चोरालाही अडवत नाही. दुसऱ्याला तीन दिवस सर्दी करणारा विषाणू तुम्हाला दवाखान्यात झोपवू शकतो. समजलं ना?"

मला समजलं. शिक्षण खात्यात वीसेक वर्षं काढलेल्या माणसाला पेंगणारा पहारेकरी समजावून सांगावा लागत नाही.

गावाला मात्र ते शेवटपर्यंत समजलं नाही. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जाणं हे कर्तव्य आहे, आणि त्यात आजाऱ्याची इच्छा विचारायची पद्धत नाही. मी घरी आलो त्या दिवसापासून माणसं येऊ लागली. खोकणारे आले, शिंकणारे आले, तापातून कालच उठलेले आले. "तुला बघायचा म्हनून अंगात त्राण नसताना आलो," असं सांगून ते खाटेवर पायाशी बसत. एका लांबच्या मेहुण्यांना बायकोनं मास्क दिला. त्यांनी तो शहाण्यासारखा लावला, खोकला आला तेव्हा काढला, हातात धरून भरपूर खोकले आणि पुन्हा लावला. नवाकोरा मास्क उगाच खराब कशाला करायचा, असा त्यांचा विचार असावा.

शेवटी बायकोनं पडवीत एक नायलॉनची दोरी बांधली. दोरीच्या पलीकडे लोक, अलीकडे खाटेवर मी. त्यामुळे गर्दी कमी झाली नाही, फक्त शिस्त आली. लोक रांगेनं दोरीपर्यंत येत, माझ्याकडे बघत, काहीजण नकळत हात जोडत. एका म्हातारीनं तर डोळे पुसले. जिवंतपणी स्वतःच्या शोकसभेला हजर राहण्याचा मान फार थोड्यांना मिळतो.

शेजारचे काका या सगळ्याचे व्यवस्थापक होते. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. आवाज अजून डेपोतला. करोनानंतर आमच्या गावात घरटी एक वैद्य तयार झाला. आमच्या घरासाठी काका होते. ते रोज तांब्याभर गुळवेलीचा काढा घेऊन येत.

"घे. प्रतिकारशक्ती वाढते."

"काका, मी प्रतिकारशक्ती कमी करायच्या गोळ्या घेतोय."

काकांनी तांब्या खाली ठेवला. "कमी करायच्या?"

"हो."

"आनि त्या डॉक्टरनं दिल्यात?"

"हो."

काकांनी तांब्यावर झाकण ठेवलं. मग माझ्या बायकोला बाजूला घेऊन म्हणाले, "सूनबाई, डॉक्टर बदल."

शाळेत हजर झालो तेव्हा मुख्याध्यापकांनी माझी अडचण मनापासून ऐकली. गर्दी नको, मुलांचा खोकला नको, हवा खेळती हवी. त्यांनी विचार करून मला ग्रंथालयात बसवलं. तिथं खरोखरच कुणी फिरकत नसे. आमच्या शाळेतली सर्वांत निर्जंतुक जागा तीच. कवितांच्या कपाटापाशी तर विषाणूलासुद्धा एकटं वाटलं असतं. दुपारनंतर नववीची मुलं खिडकीबाहेरच्या ओट्यावर बसायची आणि मी आतून मास्क लावून त्यांना अलंकार शिकवायचो.

असं दुसरं वर्ष चाललं होतं आणि भाचीचं लग्न ठरलं.

भाची म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत हिशेब बघते. नवरामुलगा आटगावकडचा, नोकरीवाला. लग्न मे महिन्यात, मुरबाडमधल्या एका हॉलमध्ये. ताईनं आमंत्रणाच्या आधीच बंदी जाहीर केली.

"तू येवाचा नाय. हॉलात मानसं शिंकतील, खोकतील, तुझ्या गल्याला पडतील."

"ताई, मी मामा आहे."

"मामा तर मामा. एक किडनी घेऊन मी जातेच हाये लग्नाला. दुसरीनं घरी थांबायचं."

ताई ऐकणार नव्हती, पण तिच्या सासरचे ऐकवणारे होते. तिच्या मोठ्या दिरांनी चार माणसांत विचारलं, "बहिनीनं पोटातला गोळा काढून दिला, आनि हा तिच्या पोरीच्या लग्नाला येनार नाय? असा कसा मामा?" ते चार जणांतून चाळीस जणांत गेलं. आमच्या आईपर्यंत पोचलं. आईनं जेवण सोडलं. म्हणजे आमच्यासमोर सोडलं.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "न गेलात तर उत्तम. जाणारच असाल तर उघड्यावर, लांबून, मास्क लावून, आणि थोडाच वेळ. कुणाला मिठी नाही, कुणाच्या ताटातलं नाही."

हा सल्ला काकांनी हातात घेतला. एसटीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला प्रत्येक प्रश्नावर एकच उत्तर सुचतं: गाडी. त्यांनी ओळखीच्या एकाची मोठी गाडी ठरवली. मी गाडीत बसून राहायचं. गाडी हॉलच्या दाराशी. ऊन फार, म्हणून काचा बंद आणि एसी चालू. डॉक्टरांनी 'उघड्यावर' म्हटलं होतं, ते काकांनी असं पूर्ण बंद करून दाखवलं. मीही काही बोललो नाही. भाचीला नवरीच्या वेशात बघायचं होतं मला. काचेतून का होईना.

लग्नाच्या दिवशी आमची गाडी हॉलसमोर लागली आणि पाहता पाहता तिच्याभोवती माणसं जमली. आत लग्नाची तयारी चाललेली आणि बाहेर माझं प्रदर्शन. काका बाहेर उभे राहून रांग लावत होते. "एकेक जन या. काचेला हात लावू नका. बोलायचं असेल तर मोठ्यानं बोला." लोक काचेला नाक लावून आत बघत, वाफेचा गोल उमटवत, आणि काय बोलावं न सुचून "जेवलास काय?" असं ओरडून विचारत. मी आतून मान हलवायचो. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर कुणीतरी उत्साहानं सांगितलं, "वधूचे मामा प्रकृतीच्या कारणास्तव बाहेर गाडीमध्ये उपस्थित आहेत. इच्छुकांनी त्यांची भेट घ्यावी." मग ज्यांना माहीत नव्हतं तेही आले. फोटोग्राफरनं काच वाजवली. "मामा, मास्क काढा जरा. चेहरा येत नाय."

ताईचे मोठे दीर जिलेबीची बशी घेऊन आले. मी हातानं नको म्हणालो. ते शेजारी उभ्या माझ्या बायकोला म्हणाले, "बघा, अजून राग हाये त्याचा."

बुद्धवंदना झाली, फुलं पडली, टाळ्या वाजल्या. ते सगळं मी ऐकलं. ताई एकदाच बाहेर आली, हिरवं लुगडं, डोक्यात मोगरा, काचेवर बोट आपटून म्हणाली, "आता जा घरी. बघितलंस ना?" मी म्हणालो, "पोरगी निघाली की निघतो."

आणि पोरगी निघाली. सगळ्यांच्या गळ्यात पडून झालं आणि ती नवऱ्याच्या गाडीकडे जाता जाता वळली, माझ्या गाडीचं दार उघडलं आणि आत येऊन माझ्याशेजारी बसली. काका "अगो, अगो" करत राहिले. तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि लहानपणी रडायची तशी हुंदके देऊन रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. अशा वेळी भाचीला 'लांब बस' म्हणणारा मामा अजून जन्माला यायचा आहे. तिचं अंग गरम लागलं. कपाळाच्या कडेला, मेकअपखाली, एक पुटकुळी होती. लग्नाच्या दिवशी पुटकुळी येणारच, असं मला वाटलं. गरम अंग म्हणजे चार दिवसांची दगदग, असंही वाटलं. घरी येताना मी खूश होतो. ऑपरेशननंतर पहिल्यांदा कुणीतरी मला रुग्ण न समजता मामा समजून बिलगलं होतं.

दोन दिवसांनी ताईचा फोन आला. रोजचा प्रश्न नव्हता.

"पोरीला कांजन्या आल्या."

मला ती कपाळाच्या कडेची पुटकुळी आठवली.

"तू तिला जवल घेतलंस काय?"

"घेतलं."

"किती येल?"

"तिचं रडणं थांबेपर्यंत."

ताईच्या अंगणातल्या कोंबड्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

तिकडे नवऱ्याच्या घरी वेगळाच प्रसंग. आम्ही दोन्हीकडचे बौद्ध. आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतली तेव्हाच भगत, अंगारे, देवी घराबाहेर काढले. नवऱ्यामुलाचे वडील तर अंधश्रद्धेवर गावोगाव भाषणं देतात. पण त्यांच्या म्हाताऱ्या आईनं नव्या सुनेकडे बघितलं आणि ती म्हणाली, "बाया आल्यात." कांजिण्या म्हणजे घरी आलेल्या देवी. बस. संध्याकाळपर्यंत दारावर कडुलिंबाचे डहाळे लागले. व्याही फोनवर मला सांगत होते, "नाय हो सर, आमी असलं काय मानत नाय. लिंबाचा पाला जंतुनाशक असतो. शास्त्रीय हाये." घरात मासळी बंद झाली, ती उन्हाळ्यात मासळी बाधते म्हणून. फोडणी बंद झाली, ती धुरानं मुलीला ठसका लागतो म्हणून. म्हातारी जे जे सांगत होती त्याला व्याही संध्याकाळपर्यंत शास्त्रीय कारण शोधून देत होते.

मी डॉक्टरीणबाईंना कळवलं. त्या रागावल्या नाहीत, याची मला जास्त भीती वाटली. शांतपणे त्यांनी विचारलं, "लहानपणी तुम्हाला कांजिण्या होऊन गेल्या, असं ऑपरेशनच्या आधी तुम्ही सांगितलं होतं. खात्री आहे का?"

"आईनं सांगितलं होतं."

"पुन्हा विचारा. आणि आजच रक्त द्या. होऊन गेल्या असतील तर थोडं तरी संरक्षण असेल. नसतील तर आपल्याला घाई करावी लागेल."

मग आमच्या पडवीत चौकशी बसली. आई खांबाला टेकून, काका दोरीपलीकडे खुर्चीत, ताई फोनच्या स्पीकरवर, बायको उभी.

"आल्या म्हंजे आल्या," आई म्हणाली. "तिसरीत होता. केळीच्या पानावर निजवला होता सात दिवस."

"आय, ती मी होते गो," फोनमधून ताई.

"तुला गोवर आला होता."

"गोवर याला आला होता. केळीच्या पानावर मी होते. पाठीला चिकटलं होतं पान, मला आठवतं ना."

"मला चांगलं आठवतंय," काका मध्येच म्हणाले, "यालाच आल्या होत्या. त्या वर्षी तानसा तलाव भरून वाहिला होता."

"काका, तानसा दर वर्षी भरून वाहतो," बायको म्हणाली. ती माझ्या तोंडावर मोबाइलचा उजेड पाडून व्रण शोधत होती. नाकाच्या बाजूला एक खड्डा सापडला. ती आनंदानं ओरडली, "हा बघा!"

"तो आंब्यावरून पडला तवाचा," आई म्हणाली. आणि तिथं ती जरा थांबली. आपण मुलाचा आंबा लक्षात ठेवला, पडणं लक्षात ठेवलं, मग कांजिण्यांचे व्रण का आठवत नाहीत, असा प्रश्न तिला पडला असावा. पण ती हरणारी नव्हती. "आल्या होत्या," ती पुटपुटली.

रक्ताचा रिपोर्ट आला. माझ्या शरीरानं कांजिण्या कधी पाहिलेल्याच नव्हत्या. आईनं तो स्वतःचा अपमान समजला. "त्या लॅबवाल्यानं जनम दिला काय तुला?"

बाईंनी विषाणूविरोधी गोळ्या सुरू केल्या. म्हणाल्या, "गोळ्या चालू असताना आजार आला तरी जोर कमी असेल, अशी आशा आहे. दोन-तीन आठवडे जपायचं. अंगावर एक जरी फोड दिसला, ताप आला, पोट दुखलं, तर लगेच फोन. वाट बघायची नाही."

वाट बघायची नाही म्हटल्यावर आम्ही वाट बघत बसलो. मे महिना, शहापूर तालुका, वीज जाते ती जातेच. पंधरवडा होत आला आणि माझ्या पाठीवर लाल पुरळ उठलं. बायको रोज सकाळी उजेडात पाठ तपासायची. तिला वाटलं, घामोळं. मलाही ते घामोळंच असायला हवं होतं. खात्रीसाठी तिनं पाठीचा फोटो काढून काकांना पाठवला, आणि काकांनी तो कुणाला न विचारता गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'सरांची पाठ. घामोळं की कांजिण्या? मत द्या.'

गावानं भरभरून मत दिलं. घामोळं बहुमतानं निवडून आलं. दोघा-तिघांनी नागीण म्हटलं, एकानं 'ढेकूण चावलेत' असं लिहिलं, आणि एका माजी विद्यार्थ्यानं 'सर लवकर बरे व्हा' म्हणून हात जोडले. लोकशाही मार्गानं माझ्या पाठीवर घामोळं जाहीर झालं आणि बायकोनं पावडर लावली. संध्याकाळी हुडहुडी भरली. तेव्हा तिनं तोच फोटो बाईंना पाठवला. उत्तर लगेच आलं: 'हे घामोळं नाही. आत्ता निघा.'

हॉस्पिटलमध्ये मला वेगळ्या खोलीत ठेवलं. इतर रुग्णही माझ्यासारखेच, पेंगत्या पहारेकऱ्यांचे. त्यांना माझ्यापासून वाचवायचं होतं. म्हणजे इतके दिवस जगानं माझ्याकडे येऊ नये म्हणून दोरी बांधली होती, आणि आता मीच ती भीती होऊन दाराआड बसलो होतो. जवळ राहायला माणूस पाहिजे, पण ज्याला कांजिण्या होऊन गेल्यात असाच. बायकोला विचारलं तर तिच्या माहेरी तिच्या आईची साक्ष आमच्या आईच्या साक्षीइतकीच पक्की निघाली. मग ताई आली. तिचं रक्त किडनी देताना तपासलेलं होतं. त्यात सापडलं की केळीच्या पानावर तीच होती.

लग्नानंतरची आवराआवर तशीच टाकून आली होती. मसाला कुटता कुटता उठलेली, हात अजून हळदीनं पिवळे. दारात चपला काढायला लागली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "मावशी, घाला, इथं अनवाणी नाही चालत." गाउन, मास्क, टोपी चढवून ती माझ्यासमोर उभी राहिली आणि मी तिला डोळ्यांवरून ओळखलं.

पुढचे दिवस मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतात. अंगभर फोड, डोक्यात, कानात, तोंडाच्या आत. पाणी गिळताना काचा गिळल्यासारखं. शिरेतून औषध चालू. श्वास घेतला की छातीत बारीक टोचायचं, आणि एक्स-रे काढायला मशीन खोलीतच आणत. विनोद सुचेना, तेव्हा मला कळलं की दुखणं खरं आहे. ताई ओल्या फडक्यानं ओठ टिपायची. "खाजवू नको. हात इकडं दे," म्हणून माझे दोन्ही हात तिच्या मांडीवर धरून बसायची.

एका दुपारी बाई आल्या. मी डोळे मिटून पडलो होतो. त्यांना वाटलं झोपलोय. हळू आवाजात त्या ताईशी बोलल्या.

"औषध लागू पडतंय, पण सावकाश. पहारेकऱ्याला थोडं जागं करावं लागेल. किडनी सांभाळायच्या गोळ्यांपैकी एक बंद करतेय, दुसरी कमी."

"म्हंजे तो जागा झाला की माझ्या किडनीवर धावंल?"

"धावू शकतो. लक्ष ठेवू. पण आत्ता विषाणूला अडवणं जास्त गरजेचं आहे."

ताईनं वेळ घेतला नाही. "मंग भावाला बघा, बाई. ती गेली तर जाऊ दे. दिली ती दिली. मी उगाच फोनवर तिची चौकशी करते, ती त्यानं पानी प्यावं म्हनून. नुसतं 'पी' सांगितलं तर ऐकतो का तो?"

मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर तिला ओशाळं वाटलं असतं आणि मग तिनं मला आठवडाभर शिव्या घातल्या असत्या.

त्याच संध्याकाळी भाचीचा फोन आला. तिचे फोड वाळले होते, पण जीव अपराधी झाला होता. ती रडायला लागली. "माझ्यामुलं झालं ना मामाला?"

"रडू नको," ताई ओरडली. "रडूनच येवढं झालंय."

मला हसू आलं. हसताना तोंडातला एक फोड फुटला आणि फार दुखलं, पण ताई सिस्टरांना हाक मारत बाहेर पळाली, "अहो, हसला तो!"

मग ताप उतरला. नवे फोड यायचे थांबले, जुन्यांवर खपल्या धरल्या. किडनीनं मात्र हिसका दाखवला. रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा वर चढला. गोळ्या पुन्हा सुरू केल्यावर तो उतरला, पण पहिल्या जागी गेला नाही. एक पायरी वर थांबला. बाई म्हणाल्या, "हा आता तुमचा नेहमीचा आकडा समजा. काम करतेय, वाईट नाही." ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हातारी झाली असंल. सासरी गेल्यावर बाई लवकर म्हातारी होते." आणि भात पेरायचं राहिलंय म्हणून मुरबाडची गाडी पकडून निघून गेली.

घरी सोडताना बाईंनी बायकोला बसवून सांगितलं. मला कांजिण्यांची लस चालत नाही, कारण त्या लशीत जिवंत विषाणू असतो, दुबळा केलेला, पण जिवंत. पण माझ्याबरोबर राहणाऱ्यांनी रक्त तपासून घ्यावं, आणि गरज असेल तर त्यांनी लस घ्यावी. म्हणजे रोग घरात माझ्यापर्यंत पोचायच्या आधी अडेल. घेतल्यावर अंगावर पुरळ आलं तर माझ्यापासून काही दिवस लांब राहायचं. इन्फ्लुएन्झाची लस दर वर्षी सगळ्यांनी, मीसुद्धा.

बायकोचं रक्त तपासलं. तिच्या आईची साक्षही खोटी ठरली. आमच्या आईला त्या रिपोर्टनं मनापासून समाधान झालं. सुनेच्या आईचीही आठवण धड नाही, हे एकदाचं कागदावर आलं.

लस शहापूरला एका लहान मुलांच्या डॉक्टरकडे मिळाली. भिंतीवर ससे आणि हत्ती, बाकावर कडेवरची मुलं, आया, रडारड. त्यात माझी बायको, पन्नाशीला आलेली, पर्स मांडीवर घेऊन नंबराची वाट बघत बसली. बाहेर नंबर लावणारी मुलगी आली आणि म्हणाली, "मॅडम, बाळ कुठंय?"

"घरी आहे," बायको म्हणाली. "शाळेत मराठी शिकवतं."

मुलीला ते नीट कळलं नाही. तिनं आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं की आई आलीय पण बाळाला आणलं नाही. डॉक्टर बाहेर आले, उलगडा झाला, आणि सगळ्या आया बाळांना खेळवायचं सोडून माझ्या बायकोच्या दंडाकडे बघत राहिल्या. ती रडली नाही म्हणून त्या मुलीनं सवयीनं तिच्या हातात एक चॉकलेट ठेवलं. ते घरी आलंच नाही. किन्हवलीच्या बसमध्ये खिडकीशी बसून तिनं ते एकटीनं खाल्लं.